जीप म्हातारी, हप्ता तरणा

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनी जीप बाळगणाऱ्या कुठल्याही माणसासमोर विम्याचा विषय काढून बघा. उत्तर ठरलेलं असतं. "गाडी दीड लाखाची नाही, अन् दहा हजार कायचे घेता भाऊ?" प्रश्न अगदी रास्त आहे. नव्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तसा तिचा विमाही उतरायला हवा असं आपण धरून चालतो. मग तीस वर्षांच्या जीपचा हप्ता उतरत उतरत एव्हाना शून्याच्या आसपास यायला नको का? येत नाही. उलट वाढतो.

हाच प्रश्न मला पुण्यात ऑफिसातही ऐकू येतो, जरा वेगळ्या भाषेत. इथे शनिवार-रविवार ऑफरोडिंगला जाणारी मंडळी आहेत. कुठून तरी जुनी एमएम ५४० शोधून आणायची, तिच्यावर गाडीच्या किमतीच्या दुप्पट खर्च करायचा आणि मग विम्याचा आकडा बघून कपाळाला हात लावायचा, हा त्यांचा ठरलेला क्रम. मी मूळचा चंद्रपूरचा असल्यामुळे जीप म्हटलं की सगळ्या शंका माझ्याकडे येतात. म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी थोडक्यात उत्तर. गाडीच्या विम्याचा हप्ता ही दोन वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज आहे. पहिली रक्कम तुमच्या गाडीच्या नुकसानीसाठी, म्हणजे ओन डॅमेज. दुसरी रक्कम तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्यासाठी, म्हणजे थर्ड पार्टी. पहिलं फंक्शन गाडीचं वय इनपुट म्हणून घेतं. दुसऱ्याला ते पॅरामीटरच नाही. जीप जुनी होत जाते तशी पहिली रक्कम झिजते आणि शेवटी दुसरीच उरते. म्हणजे जुन्या जीपचा मालक जे पैसे भरतो, त्यातले बहुतेक त्याच्या जीपचे नसतातच. ते रस्त्यावरच्या माणसाचे असतात.

हे असं का झालं याला ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराच रंजक आहे.

जीप ही मुळात युद्धाची अपत्यं. अमेरिकेत विलीज जीप मोठ्या संख्येने बनू लागली ती १९४१ पासून. युद्ध संपलं, सैन्याच्या जीपा भारतात लिलावात निघाल्या आणि कंत्राटदार, जमीनदार, शिकारी अशा लोकांच्या हाती गेल्या. इकडे १९४५ मध्ये लुधियान्यात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले (तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले), १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं आणि मुंबईत विलीजच्या जीपा जोडायचं काम सुरू झालं.

तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला ही गाडी जणू मापं घेऊन शिवल्यासारखी बसली. आज गडचिरोली म्हणतो तो सगळा भाग तेव्हा चांद्यातच होता, वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आलापल्लीचं सागवान, बांबू कटाई, तेंदूपत्ता, वनखात्याचे दौरे, सगळीकडे जीपच. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की बाकी गाड्या थांबायच्या, जीप निदान प्रयत्न तरी करायची. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा भामरागडकडे धड रस्ता नव्हता. रेल्वे तर गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षं फक्त वडशाला टेकून गेली. अशा ठिकाणी जीप म्हणजे मालगाडी, टॅक्सी, वऱ्हाडाची गाडी आणि वेळ आली की अॅम्ब्युलन्स. पुढे कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, सुमो आल्या. काळी-पिवळी हा शब्द आमच्याकडे रंगाचा राहिलाच नाही, ते वाहनाचं नाव झालं.

एक आकडा इथे लक्षात ठेवा. जुन्या विलीजचं इंजिन साधारण २२०० सीसीचं. महिंद्राच्या सीजे ३बी मध्येही तेच. नंतर एमएम ५४० वगैरे गाड्यांत आलेलं प्यूजोचं डिझेल इंजिन २११२ सीसीचं. ताकद किती? साठ-बासष्ट अश्वशक्ती. म्हणजे आजच्या एखाद्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी. पण सीसी मात्र भरपूर. याचा त्रास पुढे येणार आहे.

आता कायद्याकडे वळू. गाडी रस्त्यावर आणायची तर विमा हवाच, ही सक्ती इंग्लंडमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने आली. कारण सोपं होतं. गाडी धडकल्यावर कोर्ट भरपाई द्यायला सांगायचं, पण गाडीवाल्याच्या खिशात पैसेच नसायचे. निकाल हातात आणि घरात चूल नाही, अशी जखमीच्या कुटुंबाची गत. तीच कल्पना भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आठव्या प्रकरणाच्या रूपाने आली. पण युद्ध आडवं आलं, आणि ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. म्हणजे सैन्यातल्या जीपा बाजारात यायला लागल्या आणि सक्तीचा विमाही आला, साधारण एकाच सुमारास. योगायोग, पण मला आवडतो.

सक्ती कशाची होती ते नीट बघा. गाडीचा विमा काढा असं कायद्याने कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तुमची जीप नाल्यात गेली तर तो तुमचा प्रश्न. तुमच्या जीपने दुसऱ्याला नाल्यात घातलं तर मात्र त्याचे पैसे आधीपासून कुठेतरी जमा असले पाहिजेत, एवढंच कायदा सांगतो.

या 'दुसऱ्या'मध्ये कोण येतं यावर मात्र पुढे बराच किस पडला. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीतल्या माणसाच्या जिवाला तर जुन्या कायद्यात चक्क कमाल मर्यादा होती. १९८२ च्या दुरुस्तीनंतर ती माणशी १५,००० रुपये होती! त्याहून जास्त भरपाई कोर्टाने ठरवली तर वरचे पैसे मालकाने द्यायचे, म्हणजे बहुतेक वेळा कुणीच नाही. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला तेव्हा ही मर्यादा गेली आणि मृत्यू किंवा इजेबद्दलची विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद झाली. कोर्ट सांगेल तेवढं.

जुन्या जीपच्या हप्त्याचं मूळ मला वाटतं इथे आहे. भरपाईचं गणित मेलेल्या माणसाचं वय आणि कमाई यांच्यावर चालतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीचे गुणक पक्के केले आणि २०१७ मध्ये घटनापीठाने पुढे वाढू शकणारी कमाईही त्यात धरायला सांगितली. मजुरी वाढली, पगार वाढले की भरपाई वाढते, आणि भरपाई वाढली की थर्ड पार्टीचा हप्ता वाढतो. हा हप्ता लोखंडाच्या भावाला बांधलेला नाही, माणसाच्या मजुरीला बांधलेला आहे. तीस वर्षं जुन्या जीपखाली येणारा माणूस तीस वर्षं स्वस्त होत नाही.

आता हिशोबाकडे. १९७३ मध्ये सामान्य विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या. पुढची कित्येक वर्षं गाडीच्या विम्याचा दर कंपनी ठरवत नसे, एक छापील दरपत्रक असे. त्यातलं शेवटचं मोठं दरपत्रक १ जुलै २००२ ला लागू झालं. हे दरपत्रक मी एका शनिवारी बसून वाचलंय (हो, लोक सिनेमे बघतात). जुना लेगसी कोड वाचताना जसं वाटतं तसंच वाटलं. प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी जुनं भांडण असणार, फक्त कॉमेंट लिहायची राहिली.

त्यात ओन डॅमेजसाठी तीन इनपुट आहेत. गाडीचं वय, इंजिनचे सीसी आणि विभाग. मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ शहरं अ विभागात, बाकी सगळा देश ब विभागात. म्हणजे नागपूर आणि भामरागड एकाच खान्यात! ब विभागात १५०० सीसीच्या वरच्या गाडीला पाच वर्षांपर्यंत किमतीच्या ३.३४३ टक्के, पाच ते दहा वर्षांना ३.५१० टक्के आणि दहा वर्षांच्या पुढे ३.५९४ टक्के. वयाबरोबर दर थोडा वाढतोच. पण तो ज्या किमतीवर लागतो ती किंमत झपाट्याने घसरते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे तक्ताच संपतो, मालक आणि कंपनी यांनी आपसात किंमत ठरवायची. सगळं आयुष्य पाच वर्षांच्या पुढे काढणाऱ्या जीपसाठी दरपत्रकात रकानाच नाही.

शिवाय दावा करायची वेळ आली की घसारा परत एकदा आडवा येतो. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के कपात, रबर-प्लास्टिक, टायर, बॅटरीवर कुठल्याही वयात ५० टक्के. जीप म्हणजे सगळं लोखंडच. ४०,००० चे धातूचे भाग बदलले तर त्यातले २०,००० तुमच्याच खिशातून, वर सक्तीची वजावट वेगळी.

याच दरपत्रकात एक गंमत आहे. व्हिंटेज गाड्यांना ओन डॅमेजमध्ये २५ टक्के सवलत. व्हिंटेज म्हणजे काय, तर ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली गाडी. आणि विलीज जीप बनू लागली १९४१ मध्ये! एका वर्षाने हुकलं. राजेमहाराजांच्या गाड्या आत, जीप बाहेर. २०२१ मध्ये केंद्राने वेगळी व्याख्या केली, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि अशी नोंद असलेल्या गाडीला थर्ड पार्टीत ५० टक्के सवलतही आहे. पण ती गाडी रोज वापरायची नाही, धंद्याला तर नाहीच. म्हणजे पुण्यातल्या संग्राहकाला उपयोग, एटापल्लीच्या बाजारात जाणाऱ्याला नाही.

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, कंपन्या आपापसात स्पर्धा करू लागल्या आणि ते स्वस्त होत गेले. थर्ड पार्टीचे दर मात्र सरकारी हातातच राहिले. २००७ मध्ये खासगी मोटारीसाठी ते असे होते: १००० सीसीपर्यंत ६७० रुपये, १००० ते १५०० पर्यंत ८००, आणि १५०० च्या वर २,५००. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर: २,०९४, ३,४१६ आणि ७,८९७. वरच्या खान्यात पंधरा वर्षांत तिपटीहून जास्त वाढ. तेवढ्या काळात जीप पंधरा वर्षं अजून म्हातारी झाली, पण ते विचारतंय कोण.

इथे तो सीसीचा आकडा आठवा. साठ-बासष्ट अश्वशक्तीची, ऐंशीच्या पुढे गेली की थरथरणारी २११२ सीसीची जीप वरच्या खान्यात, ७,८९७ रुपये. आणि २०२३ मध्ये आलेली मागच्या चाकांवर चालणारी डिझेल थार? इंजिन १४९७ सीसी, ताकद जवळपास दुप्पट, हप्ता ३,४१६. अर्ध्यापेक्षाही कमी! तीन सीसींनी खाली बसली. मारुती जिप्सी, पहिली ९७० सीसीची आणि नंतरची १२९८ ची, तीही खालच्या खान्यांत. सीसी हे एके काळी गाडीच्या आकाराचं आणि ताकदीचं बऱ्यापैकी माप होतं. टर्बो आल्यावर ते माप सैल झालं, पण फॉर्म्युल्यात तसंच राहिलं. थर्ड पार्टीला वय न लावणं मला पटतं. सीसीवर एवढं वजन टाकणं नाही पटत. खरं तर गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते आणि आत किती माणसं बसतात हे जास्त महत्त्वाचं.

आता एक उदाहरण करून बघू. १९९४ ची एमएम ५४०, खासगी पासिंग, चंद्रपूरची एमएच ३४ नंबरची. किंमत आपसात दीड लाख ठरली असं धरा. जुन्या दरपत्रकाचा ३.५९४ टक्के दर लावला तर ओन डॅमेज ५,३९१ रुपये. पाच वर्षं दावा केला नसेल तर ५० टक्के बोनस, उरले २,६९५. थर्ड पार्टी ७,८९७. बेरीज १०,५९२, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १२,५०० च्या घरात. फक्त थर्ड पार्टी घेतली तर जीएसटी धरून ९,३१८. (चालक-मालकाचा अपघात विमा दोन्हीकडे वेगळा.)

फरक तीन-सव्वातीन हजारांचा. त्या बदल्यात मिळणार काय, तर दीड लाखाच्या गाडीची अर्धीमुर्धी भरपाई. मालक विचार करतो, गॅरेजवाला ओळखीचा आहे, पत्रा स्वस्त आहे, कशाला हवा फुल इन्शुरन्स? "नुसती थर्ड पार्टी काढून दे." एजंटही मान डोलावतो. हिशोब बरोबर वाटतो. मलाही कित्येक वर्षं बरोबर वाटला असता.

पण या सव्वातीन हजारांबरोबर अजून एक गोष्ट सुटते, आणि ती काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. जीपच्या आत बसलेली माणसं!

यासाठी आपल्या विदर्भातलाच एक जुना खटला सांगतो. १८ डिसेंबर १९६० ला एका जिनिंग कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याला निघाली होती. कंपनीचा मॅनेजर गाडी चालवत होता, सोबत एक गृहस्थ बसले होते. अपघात झाला आणि ते गेले. त्यांच्या घरच्यांनी नागपूरच्या न्यायाधिकरणात दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागला १९७७ मध्ये, अपघातानंतर सोळा वर्षांनी. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं, पण विमा कंपनीबद्दल सांगितलं की भाडं न देता खासगी गाडीत बसलेल्या माणसाचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. पॉलिसीत प्रवाशासाठी १५,००० रुपयांचं कलम होतं, तेवढीच कंपनीची जबाबदारी.

१९८८ चा कायदा आल्यावरही हा मुद्दा सुटला नाही. २००६ मध्ये स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं, नुसती कायद्यापुरती पॉलिसी असेल तर फुकट बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर नाही. याउलट, फुल इन्शुरन्स म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीत बसलेले लोक तिच्यात येतात, हे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. अट एकच, ती माणसं भाडं देऊन बसलेली नसावीत.

आता हे पुण्याच्या ट्रॅफिकमधून उचलून गडचिरोलीत नेऊन ठेवा. बाजाराचा दिवस आहे. एसटी चुकली किंवा आलीच नाही. जीपवाला ओळखीचा. पुढे तीन, मागच्या फळ्यांवर आठ, टपावर तांदळाची पोती. गावात कुणी अडलेली बाई असेल तर रात्री दोन वाजता दार वाजतं आणि जीप निघते. या माणसाने पैसे वाचवायला नुसती थर्ड पार्टी घेतलेली आहे. जीप घाटात उलटली तर समोरच्या सायकलवाल्याला कंपनी पैसे देईल, आणि आत बसलेल्या शेजाऱ्याला? तो दावा मालकावर. मालकाकडे काय आहे, तर उलटलेली जीप. म्हणजे १९३० मध्ये इंग्लंडला जो प्रश्न पडला होता, निकाल हातात आणि पैसे कुठेच नाहीत, तो इथे जसाच्या तसा परत येतो.

भाडं घेतलं तर वेगळीच गुंतागुंत. खासगी जीप ७,८९७ रुपयांत भागते. तीच सहा प्रवाशांची टॅक्सी म्हणून नोंदवली तर २०२२ च्या दराने मूळ १०,५२३ आणि वर दर प्रवाशामागे १,११७, म्हणजे १७,२२५ रुपये, दुपटीहून जास्त. शिवाय परमिट, दरवर्षीचं पासिंग. म्हणून पांढरी पाटी ठेवून माणशी वीस-तीस रुपये घेणारे असतात. अपघात झाला की कंपनी म्हणते, पॉलिसी खासगी वापराची होती. अटीचा भंग झाला असला तरी कोर्ट कित्येकदा कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. पण वसूल म्हणजे जमीन, घर, जे असेल ते.

आणि परमिट असलेल्या गाडीत जास्त माणसं कोंबली तर? यावरही निकाल आहे, २००७ चा, हिमाचलमधल्या बसचा. ४२ प्रवाशांची बस, आत नव्वदच्या आसपास माणसं, गाडी नाल्यात. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, कंपनीने हप्ता ४२ माणसांचा घेतलाय, जबाबदारी ४२ जणांचीच. मग सर्वात मोठ्या ४२ भरपायांची बेरीज करून ती रक्कम सगळ्यांत प्रमाणात वाटून द्यायची, उरलेलं मालकाकडून. नऊ जणांच्या काळी-पिवळीत अठरा माणसं बसतात तेव्हा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भरपाईतला वाटा घेऊन बसलेला असतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

गडचिरोलीपुरतं अजून एक. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी सत्तर-ऐंशी वाहनं जाळली होती. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली. २००२ च्या दरपत्रकातल्या पॉलिसीत आग, दंगल, खोडसाळपणे केलेलं नुकसान, पूर आणि अतिरेकी कृत्य हे सगळे धोके नावानिशी लिहिलेले आहेत. पण ओन डॅमेजच्या भागात! नुसती थर्ड पार्टी असेल तर जळालेल्या जीपचे शून्य रुपये. पर्लकोटेच्या पुरात गेलेल्या जीपचेही शून्य.

तेव्हा जुनी जीप घेणाऱ्या माझ्या पुणेरी मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. थर्ड पार्टीच्या आकड्यावर चिडायचं तर सीसीवरून चिडा, वयावरून नको. मिळत असेल तर पॅकेज पॉलिसीच घ्या, गाडीची किंमत अगदी कमी लावून का होईना, कारण तिच्यातला तुमच्या कामाचा भाग पत्र्याचा नाही, मागे बसणाऱ्या मित्रांचा आहे. ती नाहीच मिळाली तर निदान प्रवाशांसाठीचा अपघात विमा जोडून मिळतो का ते विचारा, दरपत्रकाच्या हिशोबाने माणशी दोन लाखांना शंभर रुपये पडायचे. इंजिन बदललं असेल तर आरसी बुकात चढवून घ्या. आणि शर्यती किंवा स्पीड टेस्ट पॉलिसीच्या बाहेर असतात, स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी ते वाचा.

राहिला एटापल्लीचा जीपवाला. विमा न काढता सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिला दंड २,००० रुपये. हप्ता ९,३१८. आपल्यासारखी गणितं त्यालाही येतात. देशातल्या निम्म्याच्या आसपास गाड्या विम्याशिवाय फिरतात त्या काही उगाच नाही. २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांची थर्ड पार्टी विकत घेतानाच घ्यावी लागते, त्यामुळे नव्या गाड्या तरी जाळ्यात आल्या. जुन्या जीपा त्या जाळ्याच्या बाहेर आहेत, आणि सर्वात जास्त माणसं कोंबून, सर्वात वाईट रस्त्यांवर त्याच धावतात. त्यांच्यासाठी सीसीऐवजी आसनांवर आणि किलोमीटरवर बेतलेला, आतल्या माणसांना धरणारा स्वस्त हप्ता काढला तर दोघांचाही फायदा आहे. फॉर्म्युल्यात दोन पॅरामीटर बदलायचे आहेत. आमच्याकडे एवढ्या बदलाला एक स्प्रिंट लागतो, सरकारला जरा जास्त लागेल. :-)

असो. पुढच्या वेळी गावी गेलात आणि कुणाच्या जीपमध्ये मागे बसलात, तर उतरताना सहज विचारून बघा, "भाऊ, इन्शुरन्स कोणता काढला? फुल की नुसती थर्ड पार्टी?" तो आधी हसेल. मग हप्त्याबद्दल शिव्या देईल. त्यानंतर त्याला हे सांगा.